सळईपर्यंत पोचेल का एआय? इमारतदुरुस्तीच्या धंद्याचा आढावा

अमेरिकेत घरातला पाइप फुटला, स्वयंपाकघराला आग लागली किंवा चक्रीवादळाने छप्पर उडाले, की विमा कंपनीच्या पाठोपाठ 'रेस्टोरेशन'वाले दारात हजर होतात. पाणी उपसायचे, भिंती वाळवायच्या, काजळी काढायची आणि घर पुन्हा राहण्याजोगे करून द्यायचे, असा तो स्वतंत्र आणि मोठा धंदा आहे. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते. त्यामुळे प्रत्येक खोलीचे फोटो, ओलाव्याची रोजची नोंद आणि ठरलेल्या दरांवर बेतलेले अंदाजपत्रक हे सगळे तिथे कित्येक वर्षांपासून संगणकातच भरले जाते. 'एक्झॅक्टिमेट' नावाचे अंदाजपत्रकाचे सॉफ्टवेअर तर ठेकेदार आणि विमा कंपनी दोघेही वापरतात. एआय तिथे लवकर रुजला तो या शिस्तशीर नोंदींच्या जोरावर. फोटोवरून नुकसान ओळखायचे, फोन फिरवून खोलीचा नकाशा काढायचा, अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा क्षणात पुढे ठेवायचा, ही कामे तिथे आता नवलाची राहिलेली नाहीत.

मुंबई-ठाण्यात हाच धंदा वेगळ्या रूपात उभा आहे. इथे शत्रू एका रात्रीत येत नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, गच्चीची गळती, बाथरूमच्या फरशीखालून मुरणारे पाणी आणि आत गंजत जाणारी सळई, असे हे वर्षानुवर्षांचे दुखणे. खर्चाला विमा कंपनी नसते, सोसायटीचे सभासद असतात. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमवायचा असतो. प्रत्यक्षात मोठी दुरुस्ती निघाली की बहुतेक ठिकाणी दर घरामागे वेगळी वर्गणी काढावी लागते. निवृत्त माणसाला एकरकमी दोन-तीन लाख भरायचे म्हणजे काय, हे ज्याने सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला सांगायला नको. म्हणून अमेरिकेतले सॉफ्टवेअर जसेच्या तसे इथे आणून भागत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे: सळई किती गंजली, दुरुस्तीने भागेल का, किती काम निघेल, आणि ते खरोखर झाले हे कशावरून?

या प्रश्नांची किंमत आपण माणसांच्या जिवाने मोजली आहे. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा लागू झाला तेव्हा मुंबई शहरात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती होत्या. आज त्यांतल्या कित्येक हजार अजून उभ्या आहेत आणि त्यांत माणसे राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये घाटकोपरची साई दर्शन इमारत पडली आणि १७ जण दगावले. तिथे तळमजल्यावरच्या फेरफारांत खांबांनाच हात लावल्याचा ठपका होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडची तारिक गार्डन कोसळली, १६ बळी गेले. ती इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण इमारतीचे वय, समुद्रापासूनचे अंतर आणि बांधकामाचा प्रकार एवढी माहिती भरून धोक्याचा क्रम लावणारी एआय साधने आता सुचवली जातात. हजारो इमारतींमधून आधी कुठे जायचे हे ठरवायला ती उपयोगी पडतीलही. पण वयाला महत्त्व देणाऱ्या अशा कोणत्याही यादीत महाडची इमारत तळाशी राहिली असती, आणि साई दर्शनचा धोका तर एका गाळ्याच्या आत सुरू होता.

आता कामाकडे वळू. काँक्रीटमधली सळई सुरक्षित राहते ती सिमेंटच्या क्षारधर्मामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो क्षारधर्म कमी करतो. किनाऱ्यावर क्लोराइडही शिरते. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि बाहेर सळईच्या रेषेत तडा दिसतो. म्हणजे तडा दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल, कार्बोनेशन आणि कोअर या चाचण्या होतात त्या याच कारणाने. डोळ्यांना जे दिसते ते त्यात पुरेसे धरलेले नाही.

एआयचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो तो मात्र नेमका दिसणाऱ्या गोष्टीत, फोटोवरून तडे ओळखण्यात. तंत्र खरे आहे आणि चांगलेही आहे. पण ते कशावर शिकले हे विचारावे लागते. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा एसडीनेट-२०१८ हा फोटोसंच अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाचा. त्यात पुलांचे स्लॅब, भिंती आणि रस्त्यांचे ५६,००० हून अधिक तुकडे आहेत, आणि ते बहुतांशी उघड्या काँक्रीटचे आहेत. आपल्याकडे काँक्रीट उघडे असते कुठे? त्यावर गिलावा, गिलाव्यावर रंगाचे चार थर, त्यावर शेवाळाचे काळे ओघळ, केबलच्या वायरी, ड्रेनेजचे पाइप, एसीच्या नळ्या, आणि छज्ज्यावर कुंड्या. परक्या भिंतींवर शिकलेला प्रोग्रॅम वायरीला तडा समजतो आणि रंगाने बुजवलेला खरा तडा सोडून देतो. शिवाय तडा गिलाव्याचा की काँक्रीटचा, हा या धंद्यातला सर्वांत महागडा फरक आहे. पहिल्याला थोडके पैसे लागतात, दुसऱ्याला सळई उघडी करून घासायची, गंजरोधक लावायचे आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट भरायचे. फोटोत दोघे सारखेच दिसतात.

तरीही फोटो आणि ड्रोन यांना मी खालच्या पायरीवर बसवणार नाही. बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतीची मागची बाजू पाहायला पूर्वी झुला सोडावा लागे किंवा दुर्बीण लावून अंदाज बांधावा लागे. आता ड्रोनने ती बाजू जवळून टिपता येते आणि शेकडो फोटो जोडून दर्शनी भागाचे एकसलग, मापात असलेले चित्र तयार होते. एआय त्यावर तडे, पोपडे, उघड्या सळया, फुटलेले पाइप यांच्या खुणा करून देतो, इंजिनिअर त्या खुणा तपासतो, चुकीच्या पुसतो, सुटलेल्या भरतो. असे वापरले तर निविदेच्या आधीच कामाचे प्रमाण बरेच जवळ येते. दोरीवर लटकून पाहणी करणाऱ्या माणसाचे निदान काही तास तरी जमिनीवर जातात, आणि मला हा लाभ पैशापेक्षा मोठा वाटतो. मुंबईत ड्रोनला परवानग्यांचा जाच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसारचे हवाई क्षेत्राचे नकाशे, विमानतळ आणि नौदलाचा शेजार, वरून पोलिसांचे वेळोवेळीचे मनाई आदेश. पण परवानगी काढून उडवणारे लोक आहेत, त्यांनाच बोलवावे.

गिलाव्यामागची पोकळी मात्र फोटोत येत नाही. तिथे आजही मुकादम हातोडीने ठोकत जातो. घट्ट गिलाव्याचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा बद्द. हे ज्ञान कानात असते आणि माणूस गावी गेला की त्याच्याबरोबर जाते. या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. २ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सासागो बोगद्याच्या छताचे काँक्रीट पॅनेल कोसळून ९ जण ठार झाले. छताच्या वरच्या बाजूच्या बोल्टांची ठोकून तपासणी कित्येक वर्षे झालीच नव्हती. २०१४ पासून जपानने पूल आणि बोगदे दर पाच वर्षांनी जवळून तपासणे सक्तीचे केले, आणि इतक्या तपासणीला कुशल कान पुरणार नाहीत म्हणून ठोकण्याचा आवाज ऐकून पोकळी ओळखणाऱ्या यंत्रांवर तिथे जोरात संशोधन झाले. आपल्या इमारतींसाठी एआयचा पैसा कुठे घालावा असे कोणी विचारले तर मी याच बाजूला बोट दाखवीन. अनुभवी मुकादमांच्या ठोक्यांचे आवाज, ठोकल्यानंतर गिलावा उघडला तेव्हा आत काय निघाले या माहितीसह, इथल्याच भिंतींवर गोळा केले पाहिजेत. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना परवडेल असे हे काम आहे.

गळतीचे निदान हा सगळ्यात भांडखोर विषय. वरच्या घरातल्या बाथरूमचे पाणी खालच्या घराच्या छताला आले की उपविधींप्रमाणे खर्च वरच्या सभासदाचा, गच्चीचे किंवा बाहेरच्या भिंतीचे आले तर सोसायटीचा. म्हणून निदानातच पैशाचा निकाल असतो. अलीकडे थर्मल कॅमेरा आणि त्याच्या चित्रावर आपोआप 'ओल' अशी खूण करणारे ॲप घेऊन येणारे बरेच झाले आहेत. थर्मल कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमान पाहतो. ओली भिंत बाष्पीभवनाने थंड होते म्हणून ती वेगळी दिसते. जुलैत मुंबईची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा बाष्पीभवन मंदावते आणि तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. ज्या दिवसांत गळतीची तक्रार शिगेला असते त्याच दिवसांत हे साधन सगळ्यात दुबळे असते. ऊन पडल्यावर, किंवा बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवून काही तासांच्या अंतराने घेतलेली चित्रे जास्त बोलतात. पिनवाल्या ओलावामापकाचेही तसेच. तो मुळात लाकडासाठी बेतलेला, आणि गिलाव्यात क्षार साठले असतील तर कोरडी भिंतही ओली दाखवतो. अमेरिकेत ही साधने चालतात कारण तिथे खोली बंद करून, आर्द्रता काढणारी यंत्रे लावून, रोज त्याच जागी माप घेतात. ती शिस्त न घेता नुसता कॅमेरा आणला, तर दोन शेजाऱ्यांच्या भांडणात रंगीत चित्रांची भर पडते एवढेच. रंगीत पाणी आणि पाणी साठवून पाहण्याची जुनी चाचणी अजूनही जास्त विश्वासाची आहे. एआयने फार तर त्या चाचणीच्या वेळा, फोटो आणि मापे नीट लावून द्यावीत.

आणि इथेच मला या धंद्यातला एआयचा खरा उपयोग दिसतो, लिखापढीत. कामाच्या जागी एका दिवसात काय काय घडते! सकाळी सिमेंटच्या गोण्या आल्या, चौथ्या मजल्यावरचा एक बीम उघडला तर दोन सळया पार गेलेल्या, दुपारी परांची हलवली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीजवळ काम करू दिले नाही. हे सगळे मुकादमाच्या डोक्यात किंवा व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये असते, मराठी, हिंदी आणि बंगालीच्या मिश्रणात. बोललेले लिहून काढणारी साधने आता या बोलीला बऱ्यापैकी सामोरी जातात. संध्याकाळी मुकादमाने पाच मिनिटे बोलायचे, त्यातून मजला, जागा, काम, साहित्य अशी रोजनिशी तयार व्हायची, इंजिनिअरने ती वाचून पक्की करायची. लहान ठेकेदाराला यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. दुरुस्तीचे जे तंटे सहकार न्यायालयापर्यंत जातात त्यांत कोण खरे बोलतो हे ठरवायला कागदच नसतो. असा कागद रोज तयार होऊ लागला तर दोन्ही बाजूंचे भले आहे.

कमिटीच्या बाजूनेही असेच. साठ-सत्तर पानांचा इंग्रजी ऑडिट अहवाल सभासदांनी वाचावा ही अपेक्षाच फोल असते. त्याचा मराठीत चार पानांचा गोषवारा, कोणत्या घरात काय निघाले याचा तक्ता, तीन ठेकेदारांच्या निविदा एकाच मांडणीत शेजारी शेजारी, आणि कोणी कोणती बाब गाळली किंवा 'प्रत्यक्ष मोजमापानुसार' म्हणून मोघम सोडली याची यादी. हे भाषा-मॉडेल मिनिटांत करते आणि बहुतेक वेळा नीट करते. ज्या सेक्रेटरींनी नोकरी सांभाळून ही कामे रात्री जागून केली आहेत त्यांना हा मोठा आधार आहे.

पण तेच मॉडेल मानकांच्या बाबतीत आत्मविश्वासाने चुकते, आणि ही चूक कळायला इंजिनिअरच लागतो. एक उदाहरण पुरे. अल्ट्रासॉनिक चाचणीसाठी आपल्याकडे आयएस १३३११ हे १९९२ चे मानक होते. सेकंदाला ४.५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग म्हणजे उत्तम, ३.५ ते ४.५ चांगले, ३ ते ३.५ मध्यम, त्याखाली शंकास्पद, ही त्याची वर्गवारी इतकी ठिकठिकाणी छापली गेली आहे की मॉडेल बेधडक तीच पुढे करते. ते मानक आता चालू नाही. त्याची जागा आयएस ५१६ च्या पाचव्या भागाने घेतली आणि वर्गवारीत काँक्रीटची ग्रेडही आली. दरांचेही तसेच. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बदलत राहते आणि मॉडेल कुठल्यातरी जुन्या वर्षाचा दर आजचा म्हणून देते. म्हणून मानक आणि दरसूचीची चालू प्रत स्वतः पुरवायची, त्यातूनच उत्तर मागायचे आणि पान क्रमांक विचारायचा. जे उत्तर पान दाखवू शकत नाही ते निविदेत जाऊ देऊ नये.

मोजमापाबद्दल थोडे. दुरुस्तीत अंदाज एक असतो आणि उघडल्यावर निघते दुसरेच. हे नैसर्गिक आहे, पण याच फटीतून फसवणूकही शिरते. काँक्रीटची दुरुस्ती दोन दिवसांत गिलाव्याखाली झाकली जाते, मग किती बीम खरोखर उघडले हे कोणी सांगायचे? इथे प्रत्येक जागेचा टप्प्याटप्प्याचा फोटो हाच पुरावा. उघडलेली सळई, घासलेली सळई, गंजरोधक लावलेली, मॉर्टर भरलेले. एआय असे हजारो फोटो जागेनुसार लावतो आणि एकच फोटो दोन जागांसाठी वापरलेला असेल तर तो पकडतो. काही आयफोनांमधला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, पाचेक मीटरपर्यंत खोलीचे माप घेतो, तो आतल्या कामाला पुरतो. पण ज्या तंत्राने फोटो लावता येतात त्याच तंत्राने खोटा फोटो बनवताही येतो. गंजलेली सळई चित्रात चकचकीत करणे आता कोणालाही जमते. काही फोन तर फोटो 'सुधारताना' बारीक तडाच पुसून टाकतात. म्हणून मूळ फाइल मागावी, चौकटीत मोजपट्टी आणि जागेचा क्रमांक असावा, आणि काही जागा कमिटीच्या माणसाने स्वतः जाऊन पाहाव्यात.

वारसा इमारतींचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे एकच गोष्ट. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ साली युनेस्कोचा संवर्धन पुरस्कार मिळाला, तो कारागिरांच्या हाताने आणि जुन्या कागदांच्या आधाराने झालेल्या कामाला. आज पडलेली नक्षी चित्रात भरून देणारा एआय कोणाच्याही हातात आहे आणि त्याने भरलेली नक्षी खरीच वाटते. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा दंडक असा, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. एआय नेमका अंदाज करण्यात पटाईत आहे. लेझरने इमारतीचे अचूक माप घेऊन ठेवणे, जुन्या फोटोंशी ताडणे, दगडाच्या झिजेची नोंद करणे यासाठी तो जरूर वापरावा. नव्या नक्षीचा आराखडा त्याच्याकडून घेऊ नये.

शेवटी निर्णयाचा प्रश्न. महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी बंधनकारक आहे, आणि पालिका इमारतींना सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग देते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून २०२२ मध्ये पडून १९ जण मेले. ती आधी पाडण्याजोगी ठरवली गेली होती, नंतर रहिवाशांनी करवून घेतलेल्या दुसऱ्या ऑडिटने ती दुरुस्तीयोग्य ठरली. फ्लोरिडाच्या सर्फसाइडला २४ जून २०२१ रोजी शॅम्प्लेन टॉवर्स साउथ कोसळून ९८ जण गेले. तिथे २०१८ च्या इंजिनिअरच्या अहवालात स्लॅबच्या गंभीर नुकसानाचा इशारा होता, आणि खर्चावरून रहिवाशांचे वाद चालू होते. दोन्हीकडे तपासणी झाली होती, कागद होता. उलट काळाघोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनबाबत, म्हणजे जुन्या वॉटसन्स हॉटेलबाबत, आयआयटी मुंबईच्या अहवालाचा कौल पाडण्याकडे गेला, तर संवर्धनतज्ज्ञांनी ती वाचवता येईल असे सांगितले. जाणत्यांचे असे मतभेद होतात तेव्हा 'एआयने ९२ गुण दिले' असा आकडा मधे आणणे धोक्याचे आहे. पुनर्विकासाच्या व्यवहारात घर रिकामे करवून घ्यायला टपलेल्या लोकांना असा आकडा फार सोयीचा पडेल. भाडेकरूला त्या आकड्याशी वाद घालता येत नाही. चाचणीच्या मापांशी घालता येतो, कारण दुसरा इंजिनिअर तीच चाचणी पुन्हा करू शकतो. वर्ग ठरवणाऱ्या अहवालावर इंजिनिअरची सही असते आणि ती त्याचीच जबाबदारी राहिली पाहिजे. ही गोष्ट पालिकेने आणि म्हाडाने लेखी स्पष्ट करावी.

सोसायट्यांनी मात्र कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. यंदा ऑक्टोबरनंतर जे दुरुस्तीच्या निविदा काढणार आहेत त्यांनी करारात एक कलम घालावे: मूळ फोटो, ड्रोनचे चित्रण, चाचण्यांची कच्ची मापे, प्रत्येक मापाची नकाशावरची जागा आणि रोजनिशी ही सोसायटीची मालमत्ता असेल, आणि शेवटचे बिल ती सगळी हाती आल्यावरच चुकते होईल. सभासदांच्या घरांच्या आतले फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत हेही त्यातच लिहावे. ३० वर्षांवरच्या इमारतीचे पुढचे ऑडिट उपविधींप्रमाणे तीन वर्षांनी येते. बहुधा तेव्हा इंजिनिअर दुसरा असेल आणि ठेकेदारही. त्याच खांबावर, त्याच जागी हाफ-सेलचे माप, म्हणजे सळई गंजण्याची शक्यता दाखवणारा विद्युतदाब, उणे २०० मिलिव्होल्टवरून उणे ३५० च्या पलीकडे, गंजाच्या बाजूला, गेले आहे का, हे त्याला पाहता आले तर दुरुस्ती टिकली की नाही याचे उत्तर मिळेल. एआय ती तुलना काही सेकंदांत करून देईल. त्यासाठी जुनी मापे सोसायटीच्या कपाटात असायला हवीत.